नापास होण्याची सोय

"सर, तुम्ही टेन्शनच घेऊ नका, आमच्याकडे कुणी नापास होत नाही." फोनवरची मुलगी हे इतक्या आपुलकीनं म्हणाली की क्षणभर मलाही बरं वाटलं. चौकशी माझ्यासाठी नव्हती, भाचीसाठी होती. ती कराडला एका पतसंस्थेत कर्ज विभागात काम करते. बी.कॉम. झालेली, वय 29, पदरात तीन वर्षांचं पोर. शाखाधिकारी व्हायचं असेल तर पुढे काहीतरी शिका, असं वरून सुचवलं गेलं आणि तिनं घरबसल्या एमबीए करायचं मनावर घेतलं. मोबाइलवरच्या एका जाहिरातीत नाव-नंबर भरला, आणि तेव्हापासून दिवसाला पाच-सहा फोन. तिसऱ्या दिवशी तिनं माझा नंबर पुढे केला. "मामा, तुम्हीच बोला यांच्याशी. मला समोरच्याला नाही म्हणायला जमत नाही." कर्ज विभागात बसणाऱ्या बाईनं हे म्हणावं याची मला गंमत वाटली, पण असो.

आज रात्री बारापर्यंत 'सीट लॉक' केली तर 20 टक्के सूट, परीक्षा घरूनच, असाइनमेंट म्हणजे चार पर्यायांतून एक निवडायचं, आणि फी 'नो कॉस्ट ईएमआय'नं. हा शेवटचा मुद्दा भाचीनंच पकडला. विद्यापीठाला हप्त्यानं फी द्यायची असा तिचा समज होता. कागद मागवून पाहिले तेव्हा एका फायनान्स कंपनीचं तिच्या नावावरचं कर्ज निघालं. शिक्षण अर्ध्यावर सुटलं तरी हप्ते सुटणार नव्हते, आणि चुकले की सिबिलवर शेरा. तिनं ते प्रकरण तिथंच मिटवलं. माझ्या डोक्यात मात्र ते पहिलं वाक्य राहिलं. कुणी नापास होत नाही, हा त्या अभ्यासक्रमाचा सगळ्यात मोठा गुण म्हणून सांगितला जात होता. मला तो त्याचा सगळ्यात मोठा दोष वाटतो, आणि दूरशिक्षणातलं एमबीए निवडताना हाच प्रश्न आधी विचारावा असं माझं म्हणणं आहे: इथं नापास किती होतात?

आपल्याकडे विचारला जातो तो प्रश्न वेगळा. "मान्यता आहे ना?" तो विचारण्यामागे पोळलेल्या तोंडांचा इतिहास आहे. छत्तीसगडमध्ये एका कायद्याच्या आधारानं 112 खासगी विद्यापीठं उगवली होती, काही तर जेमतेम एखाद-दुसऱ्या खोलीत. 2005 साली सर्वोच्च न्यायालयानं त्या कायद्यातल्या तरतुदीच रद्द केल्या आणि तिथल्या विद्यार्थ्यांचं पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला. 2017 मध्ये त्याच न्यायालयानं काही अभिमत विद्यापीठांच्या पत्राद्वारे दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर गदा आणली. 2001 ते 2005 या काळात प्रवेश घेतलेल्यांना पदवी टिकवण्यासाठी पुन्हा परीक्षेला बसावं लागलं, त्यानंतरच्यांच्या पदव्याच गेल्या. वर्षानुवर्षं नोकरीत मुरलेली माणसं एका सकाळी बिनपदवीची झाली. तेव्हा मान्यता विचारू नका असं कोण म्हणेल?

पण आज त्या प्रश्नाचं उत्तर दहा मिनिटांत मिळतं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, दूरशिक्षण विभागाच्या (डीईबी) संकेतस्थळावर कोणत्या विद्यापीठाला कोणत्या सत्रासाठी कोणत्या अभ्यासक्रमाची परवानगी आहे त्याची यादी असते. परवानगी विद्यापीठाला सरसकट नसते, अभ्यासक्रमागणिक असते, एवढं लक्षात ठेवलं की पुष्कळसे घोळ टळतात. 2024 पासून प्रवेशाआधी विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो. विद्यापीठानं आपला अभ्यासक्रम दुसऱ्याला फ्रँचायझीवर चालवायला देणं नियमात बसत नाही, म्हणजे गल्लीतला क्लासवाला 'आमची डिग्री' म्हणत असेल तर तिथून उठावं. एमबीए ही पदवी असल्यानं ती विद्यापीठ किंवा कायद्यानं तसा अधिकार मिळालेली संस्थाच देऊ शकते. बाकी संस्थांच्या पीजीडीएम, पीजीडीबीए या व्यवस्थापनाच्या पदविका, त्यांचा हिशेब वेगळा. आणि सप्टेंबर 2022 मध्ये यूजीसीनं स्पष्टच सांगितलं, की मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या वर्गातल्या पदवीला समकक्ष धरली जाईल. इतकं सगळं असूनही जानेवारी 2024 मध्ये त्याच यूजीसीला 'दहा दिवसांत एमबीए'च्या जाहिरातींपासून सावध राहा अशी जाहीर सूचना काढावी लागली. दहा दिवसांत लोणचंसुद्धा नीट मुरत नाही.

मान्यता म्हणजे एसटीचं परमिट. गाडी रस्त्यावर धावायला लायक आहे एवढंच ते सांगतं. ती तुम्हाला कुठं सोडेल, हे परमिटवर लिहिलेलं नसतं.

मी नाशकात सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात 26 वर्षं पर्सोनेल खात्यात काढली. पुढे त्या खात्याला एचआर म्हणायला लागले, खुर्च्या बदलल्या, काम तेच. मुलाखतीच्या टेबलाच्या अलीकडे बसून मी दूरशिक्षणातल्या पदव्या शेकड्यांनी पाहिल्या. पलीकडेही बसलो आहे. नव्वदच्या दशकात मी स्वतः व्यवस्थापनाची पदविका पोस्टानं केली. पुस्तकांचं खाकी पार्सल यायचं, सुतळी सोडताना हुरूप असायचा, तो दुसऱ्या प्रकरणापर्यंत टिकायचा. लेखाशास्त्राच्या पेपरात दोनदा आपटलो. तिसऱ्या वेळी पास झालो तेव्हा कारखान्याचा ताळेबंद मला पहिल्यांदा वाचता आला. तोवर नऊ वर्षं मी त्याच कारखान्यात होतो आणि दर वर्षी वार्षिक अहवालाचं फक्त कव्हर पाहत होतो.

या दोन आपटण्यांनी मला जे शिकवलं ते साधं आहे. नेहमीच्या कॉलेजात परीक्षा ढिली असली तरी बाकी बरंच काही पदरात पडतं. वर्गमित्र असतात, होस्टेल असतं, एखादा सर जीव तोडून शिकवतो, कॅम्पसला कंपन्या येतात. दूरशिक्षणात यातलं बहुतेक सगळं वजा होतं. मग उरतं काय? पुस्तकं, स्वाध्याय आणि परीक्षा. त्यातली पुस्तकं तर आता फुकट आहेत. इग्नूनं, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठानं, आपली अभ्यास-पुस्तकं ईज्ञानकोश या संकेतस्थळावर कुणालाही वाचायला ठेवली आहेत, एमबीएचीही. म्हणजे मजकुरासाठी आपण फी भरत नाही. आपण फी भरतो ती कुणीतरी आपल्याला तपासावं म्हणून. तू हे शिकलास की नाही हे परक्या माणसानं बघावं आणि खरं सांगावं, यासाठी. ते खरं सांगणंच ज्या अभ्यासक्रमात नाही त्यानं तुम्हाला छापील कागद विकला.

नियम करणाऱ्यांनाही हे ठाऊक असावं. 2020 च्या नियमावलीत अंतर्गत मूल्यमापनाला जास्तीत जास्त 30 टक्के आणि सत्रान्त परीक्षेला किमान 70 टक्के भार ठेवला आहे. कागदावर चोख. पण ते 70 टक्के कशाचे, ते कोण बघतो? घरी लॅपटॉपसमोर बसून, शेजारच्या खोलीत नवरा किंवा बायको गूगल करत असताना, पर्यायांवर टिचक्या मारून मिळवलेले 70 टक्केही 70 टक्केच असतात.

आणि 30 टक्क्यांची कथा ज्याला पाहायची असेल त्यानं कुठल्याही मोठ्या अभ्यासकेंद्राच्या आसपास झेरॉक्सच्या दुकानात जावं. मी गेलो होतो, आमच्याच एका कामगाराबरोबर, त्याच्या प्रोजेक्ट रिपोर्टसाठी. दुकानदारानं वर न बघता विचारलं, "मार्केटिंग, फायनान्स की एचआर?" एचआर म्हटल्यावर त्यानं पेन ड्राइव्ह लावला, 'अ स्टडी ऑफ एम्प्लॉयी सॅटिस्फॅक्शन' उघडला, कंपनीचं नाव बदलण्यासाठी फाइंड-रिप्लेस केलं आणि म्हणाला, "गोल्डन अक्षरांत हवं का? बाइंडिंगचे वेगळे." मुंबईत या प्रकाराला ब्लॅकबुक म्हणतात, काळं रेक्झिन आणि त्यावर सोनेरी नाव. अर्ध्या तासात आमच्या कारखान्यातले शंभर कामगार 82 टक्के समाधानी निघाले. आम्हाला कुणी काही विचारलंही नव्हतं. समाधानाचा तो आकडा बघून माझ्याबरोबरचा कामगार हसला, तेवढंच त्या संशोधनाचं खरं निरीक्षण.

त्याला हसण्याचा हक्क होता, कारण दोष आमचाही होता. सुपरवायझरवरून असिस्टंट मॅनेजर व्हायला 'व्यवस्थापनातील पदवी वा पदविका' हवी, अशी अट आम्हीच घातली होती. टिपण माझ्याच हातचं. दीड वर्षात चौदा जणांनी प्रमाणपत्रं आणून दिली. काहींनी फ्रेम करून घरी लावली, काहींनी पेढे वाटले. पत्र्याच्या शेडखाली मात्र फारसं काही बदललं नाही, शिफ्ट बदलताना पूर्वी जितकी भांडणं व्हायची तितकीच होत राहिली. अट घालणाऱ्याला माणूस पारखायचा कंटाळा आला की तो पदवी मागतो, आणि मागणी आली की पुरवठा उभा राहतो. आज फोनवर फोन करणाऱ्या त्या मुलींना आणि त्यांच्या टार्गेटला जन्म देणाऱ्यांत आम्ही एचआरवाले पहिल्या रांगेत आहोत.

त्या चौदा जणांतला एक मात्र वेगळा निघाला, आणि त्याच्यामुळे माझं हे मत पक्कं झालं. तो स्टोअरमध्ये होता. मुक्त विद्यापीठातून करत होता आणि एका पेपरात दोन खेपा गेला होता. मुलाखतीत त्याचं प्रगतिपत्रक बघून पॅनेलवरचे एक साहेब म्हणाले, "काय रे, तीन अटेम्प्ट?" तो ओशाळला. मग मी विचारलं, तिसऱ्यांदा बसताना काय वेगळं केलंस? तो म्हणाला, "साहेब, गाइड ठेवून दिलं आणि आपलंच स्टोअर घेतलं." एक छोटं ऑइल सील होतं, वर्षाला लागायचं 14,400 नग. आम्ही दर तिमाहीला 3,600 मागवायचो, कारण आधीपासून तसं चालत आलं होतं. एक ऑर्डर काढायचा खर्च त्यानं 400 रुपये धरला, एक नग वर्षभर सांभाळायचा खर्च 8 रुपये, आणि एका वेळी किती नग मागवावेत हे काढायचं पुस्तकातलं सूत्र लावलं. उत्तर आलं 1,200. म्हणजे महिन्याला एक ऑर्डर. जुन्या पद्धतीनं ऑर्डरी आणि साठवण मिळून वर्षाचे 16,000 जात होते, नव्या पद्धतीनं 9,600 गेले असते. बचत 6,400. "एका आयटमची, साहेब. असे आपल्याकडे सातशे आहेत."

खरी गोष्ट याच्याही पुढे आहे. हे घेऊन तो परचेसवाल्यांकडे गेला आणि त्यांनी त्याला परत पाठवलं. पुरवठादार 3,000 नगांच्या वरच्या ऑर्डरला गाडीभाडं लावत नव्हता, महिन्याच्या छोट्या ऑर्डरीवर ते भाडं बसलं असतं आणि बचत साफ झाली असती. सूत्र बरोबर होतं, त्यात भाडं नव्हतं. तो पुन्हा बसला, भाडं धरून कोणत्या आयटमना सूत्र चालतं आणि कोणत्यांना नाही याची यादी केली. ही यादी त्यानं खिशातून काढून आमच्यासमोर टेबलावर ठेवली, चौकटीच्या वहीचा कागद, चार घड्या पडलेला. त्याच दिवशी त्याच्या आधी आलेल्या उमेदवाराचा सीजीपीए 8.9 होता, ऑनलाइन एमबीए, फायनान्स. त्याला विचारलं, तुमच्या सध्याच्या कंपनीची उधारी किती दिवसांत वसूल होते? त्यानं खेळत्या भांडवलाची व्याख्या सांगितली. इंग्रजी छान होतं. पुन्हा विचारलं, दिवस किती? पुन्हा व्याख्या आली.

आता यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. मुक्त शिक्षण निघालं ते नापासांना जागा देण्यासाठी, तुम्ही तिथंही चाळणी लावता? आपल्याकडे पत्राद्वारे शिक्षण 1962 साली दिल्ली विद्यापीठात सुरू झालं, मुंबई विद्यापीठानं 1971 मध्ये केलं. 1985 ला इग्नू आणि 1989 ला नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आलं. त्याचं ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी', पहिले कुलगुरू राम ताकवले. शेतावर राबणारे, लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या बायका, रात्रपाळीचे कामगार, पोलीस शिपाई, अशांसाठी ही दारं उघडली गेली. आमच्या स्टोअरवाल्याला दुसरं कुठलं दार उघडं नव्हतं. त्यात परीक्षा कडक करा म्हणणं म्हणजे पुन्हा आहे रे वर्गाची भाषा, असं कुणी म्हणालं तर मी ऐकून घेईन.

पण उलटं बघा. सैल पदवीनं कुणाचं नुकसान होतं? ज्याच्या बापाचा कारखाना आहे त्याच्या केबिनवरची पाटी कुठल्याही एमबीएवर भागते. ज्याला त्या कागदाशिवाय दुसरा आधार नाही, त्याचाच कागद हलका ठरतो. "मुक्तमधून केलंय का?" हा प्रश्न मुलाखतीत ज्या सुरात विचारला जातो तो सूर मी ओळखतो, मीही काढलेला आहे. तो सूर स्टोअरवाल्यालाही भोगावा लागला, कारण त्याच्या शेजारी पेन ड्राइव्हवाले उभे होते. मुक्त म्हणजे आत यायचं दार सताड उघडं. बाहेर पडायचं दारही तसंच सताड ठेवलं तर मधल्या खोलीला अर्थ राहत नाही. आणि मुक्त विद्यापीठात नापास होणं म्हणजे काही हाकलून देणं नव्हे. सहा महिन्यांनी पुन्हा बसता येतं, इग्नूत दोन वर्षांचा एमबीए चार वर्षांपर्यंत पुरवता येतो. पोर आजारी पडलं, शिफ्ट बदलली, पेपर गेला, तरी नाव राहतं. रोजच्या कॉलेजात नापास झालेल्याचं वर्ष जातं, तोंड लपवावं लागतं. इथं नापास होण्याची सोय आहे, आणि दूरशिक्षणाची सगळ्यात दयाळू बाजू मला हीच वाटते. जाहिरातवाले नेमकी तीच काढून टाकतात.

म्हणून मागणी करायचीच तर ही करावी. दूरस्थ आणि ऑनलाइन एमबीए चालवणाऱ्या प्रत्येक विद्यापीठानं तुकडीनिहाय चार आकडे जाहीर करावेत: प्रवेश किती, परीक्षेला बसलेच नाहीत ते किती, बसून नापास झालेले किती, दोन वर्षांत पूर्ण करणारे किती. डीईबी आयडीमुळे प्रत्येक प्रवेशाची नोंद आता यूजीसीकडे आहे, तेव्हा हे जमण्याजोगं आहे. दुसरा आणि तिसरा आकडा वेगळा ठेवणं महत्त्वाचं. परीक्षेला न बसणारे फार असतील तर दोष बहुधा विद्यापीठाचा असतो: पुस्तकं उशिरा पोचतात, निकाल सहा-सहा महिने लटकतात, परीक्षा केंद्र तालुक्यापासून 90 किलोमीटरवर पडतं, हेल्पलाइन उचलत नाही. बसून नापास होणारे असतील तर तिथं तपासणी होते असा अर्थ निघतो. आज हे दोन्ही आकडे एकत्र कालवून 'गळती' म्हणतात, आणि विद्यापीठं ती लपवतात, जणू सगळीच गळती लाजेची. जिथं चौथा आकडा पहिल्याइतकाच भरतो, त्या अभ्यासक्रमाकडे मी संशयानं बघेन.

हे आकडे यायचे तेव्हा येतील. तोवर भाचीला मी एकच गृहपाठ दिला: जिथं जायचं म्हणतेस तिथल्या मागच्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढ. इग्नूच्या संकेतस्थळावर असतात, बाकीच्यांकडे माग, नाही म्हणाले तर नाव खोड. प्रश्नपत्रिका खोटं बोलत नाही. 'विपणनाची व्याख्या सांगून वैशिष्ट्ये विशद करा' असले दहा प्रश्न असतील तर ती परीक्षा तू आठ दिवसांत गाइडवर मारशील आणि आठ दिवसांत विसरशील. एखाद्या संस्थेचे आकडे देऊन 'या परिस्थितीत कर्ज द्याल का, कारण लिहा' असं विचारलं असेल तर थांब आणि नीट वाच. ती हसली. "मामा, हे तर मी रोज करते, फक्त कारण लिहीत नाही."

तिनं एका मुक्त विद्यापीठाचा साधा, जाहिरात नसलेला अभ्यासक्रम घेतला. फी तिनं साठवलेल्या पैशातून भरली. पहाटे साडेचार ते सहा अभ्यास, पोर उठायच्या आत. जूनच्या परीक्षेला ती रिक्षानं केंद्रावर गेली, सासूबाईंनी पोर सांभाळलं. निकाल लागला त्या रात्री फोन आला. चार पेपर सुटले, संख्याशास्त्र गेलं. आवाज पडलेला होता. किती गुण, विचारलं, तर म्हणाली, सहा कमी पडले. मग लगेच म्हणाली, "मामा, रिग्रेशनचा प्रश्न सोडला होता मी. आमच्या थकबाकीचेच आकडे घालून बघू का आता? पाच वर्षांचे आहेत माझ्याकडे."

डिसेंबरात पुन्हा बसते आहे.